प्रकाशाचे लेखन, प्रकाशाचे वाचन

एका नावाखाली दोन भिन्न गोष्टी नांदू लागल्या, की कालांतराने त्यांतली एक दुसरीच्या प्रतिष्ठेवर जगू लागते. ‘होलोग्राम’ या शब्दाचे काहीसे असेच झाले आहे. औषधाच्या खोक्यावरची चमकती चिकटपट्टी हा होलोग्राम; २०१२ च्या गुजरात विधानसभा निवडणुकीत एकाच वेळी अनेक सभांमध्ये ‘प्रकटलेली’ वक्त्याची आकृती हाही लोकांच्या तोंडी होलोग्रामच. यांपैकी दुसरी गोष्ट मुळात होलोग्राम नाहीच. १८६२ साली लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी काचेवरच्या प्रतिबिंबाचा जो रंगमंचीय चमत्कार दाखवला होता, त्याचीच ती सुधारलेली आवृत्ती. ही गल्लत निदान सहज दूर करता येते. तिच्याहून नाजूक गल्लत खुद्द शास्त्राच्या घरात आहे. ‘अंकीय होलोग्राफी’ आणि ‘संगणकनिर्मित होलोग्राम’ या दोन संज्ञा अनेकदा समानार्थी असल्यासारख्या वापरल्या जातात. दोन्हींत संगणक आहे, दोन्हींत होलोग्राम आहे. मग फरक तो काय, असे कोणालाही वाटावे.

आम्ही भाषा शिकवणारी माणसे. प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्हाला काम नाही. परंतु या दोन संज्ञांचा इतिहास वाचत गेल्यावर आमच्या असे ध्यानात आले, की हा वाद आमच्या परिचयाचा आहे. घडलेल्या गोष्टीची नोंद आणि न घडलेल्या गोष्टीची रचना यांतला हा फरक आहे, आणि तो पुसट होऊ देणे कोणत्याही शास्त्राला परवडणारे नाही.

या इतिहासाचा आरंभ १९४७ साली इंग्लंडमधल्या रग्बी या गावी होतो. डेनिस गॅबर हे मूळचे बुडापेस्टचे. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर इंग्लंडमध्ये येऊन ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. त्यांच्यापुढचा प्रश्न त्रिमितीय चित्रांचा नव्हताच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत असलेल्या अंगभूत दोषामुळे अणूच्या आकाराइतके बारकावे दिसत नव्हते, आणि तो दोष काढून टाकणे त्या काळी शक्य दिसत नव्हते. गॅबर यांनी युक्ती काढली ती अशी : भिंग सदोष असेल तर प्रतिमा सदोष येणार, मग प्रतिमा घेऊच नये. वस्तूकडून येणारा तरंगच समग्र नोंदवून ठेवावा आणि त्यातून प्रतिमा नंतर, दुसऱ्या टप्प्यात, दोष दुरुस्त करून काढावी.

‘समग्र’ या शब्दात सगळे मर्म आहे. साधे छायाचित्र प्रकाशाची तीव्रता तेवढी टिपते. तरंगाचा शिखरबिंदू नेमका कोणत्या क्षणी कुठे होता, हे त्यात उतरत नाही. या गुणाला मराठी परिभाषेत ‘कला’ म्हणतात. चंद्राच्या कलांसाठी आपण वापरतो तोच हा शब्द. वस्तूच्या खोलीची, उंचसखलपणाची माहिती या कलेत दडलेली असते आणि छायाचित्र नेमकी तीच गमावते. गॅबर यांनी वस्तूकडून येणाऱ्या तरंगावर एक ज्ञात, नियमित असा संदर्भ-तरंग टाकला. दोन तरंग एकमेकांत मिसळले की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक अत्यंत बारीक नक्षी तयार होते, आणि त्या पट्ट्यांच्या जागांमध्ये कलेची माहिती बंदिस्त होते. या नक्षीवर पुन्हा संदर्भ-तरंग सोडला, तर मूळ वस्तू जागेवर नसतानाही तिच्याकडून आलेला तरंग पुन्हा उभा राहतो. ग्रीक भाषेतल्या ‘समग्र’ आणि ‘लेख’ या अर्थाच्या शब्दांवरून गॅबर यांनी या नोंदीला ‘होलोग्राम’ हे नाव दिले. १९४८ साली ‘नेचर’ नियतकालिकात त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. कल्पना तपासण्यासाठी त्यांनी दृश्य प्रकाशात जे प्रयोग केले, त्यांपैकी एकात वस्तू म्हणून अतिसूक्ष्म अक्षरांतली तीन नावे घेतली होती : हायगेन्स, यंग आणि फ्रेनेल. प्रकाश हा तरंग आहे हे शिकवणाऱ्या तीन पूर्वसूरींना वाहिलेली ही आदरांजली. होलोग्राफीची सुरुवात अशी अक्षरांपासून झाली, याचे आम्हाला विशेष वाटते.

गॅबर यांच्या पद्धतीचे दोन टप्पे पुढील सर्व विवेचनासाठी लक्षात ठेवायला हवेत. पहिला लेखनाचा, दुसरा वाचनाचा. त्यांच्या मूळ योजनेत तर हे दोन टप्पे दोन वेगळ्या तरंगांनी पार पडायचे होते : इलेक्ट्रॉनांनी लिहायचे आणि दृश्य प्रकाशाने वाचायचे. लेखन आणि वाचन ही दोन कामे एकमेकांपासून सोडवता येतात, हे बीज त्या मूळ कल्पनेतच होते. पुढे वीस वर्षांनी जे दोन फाटे फुटले ते या सांध्यापाशीच.

मधली वर्षे फारशी फलदायी नव्हती. गॅबर यांच्या मांडणीत खऱ्या प्रतिमेबरोबर तिची एक जुळी प्रतिमाही उमटे आणि दोघी एकमेकींवर पडून चित्र गढूळ होई. शिवाय पुरेसा शिस्तबद्ध प्रकाश देणारा स्रोतच उपलब्ध नव्हता. १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवून दाखवला आणि ही दुसरी अडचण सरली. पहिलीवर उपाय मिशिगन विद्यापीठातल्या एमेट लीथ आणि युरिस उपाटनिएक्स यांनी काढला. लीथ यांचे मूळ काम रडारवरचे होते. विमानातून घेतलेल्या रडारच्या नोंदी फिल्मवर उतरवायच्या आणि मग प्रकाशाच्या साहाय्याने त्यांतून जमिनीचे चित्र काढायचे, या उद्योगात त्यांना गॅबर यांच्या कल्पनेचेच दुसरे रूप सापडले. संदर्भ-तरंग वस्तूच्या रेषेतून न सोडता तिरका सोडला की जुळ्या प्रतिमा वेगवेगळ्या दिशांना जातात, हे त्यांनी १९६२ मध्ये मांडले. त्याच वर्षी सोव्हिएत संघात युरी डेनिस्युक यांनी वेगळ्या वाटेने साध्या पांढऱ्या प्रकाशात पाहता येणाऱ्या होलोग्रामची पद्धत दिली. १९६४ साली लीथ-उपाटनिएक्स यांनी लेसर वापरून खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम दाखवला, तेव्हा या विद्येची कीर्ती प्रयोगशाळेबाहेर गेली. १९७१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या गॅबर यांना मिळाले.

इथपर्यंत लेखनही प्रकाशाचे होते आणि वाचनही प्रकाशाचे. संगणक आला तो यानंतर, आणि तो एकाच वेळी दोन दारांनी आला.

पहिले दार लेखनाचे. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेतून बायरन ब्राउन आणि अ‍ॅडॉल्फ लोमान यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचा प्रश्न असा होता : होलोग्राम म्हणजे अखेर गणिताने सांगता येण्यासारखी नक्षी आहे, मग वस्तू समोर असण्याची, तिच्यावर प्रकाश पडण्याची गरजच काय? वस्तूचे वर्णन आकड्यांत द्यावे, तिच्याकडून कोणता तरंग आला असता हे संगणकाने काढावे आणि त्या तरंगाचा होलोग्राम कागदावर रेखावा. अडचण होती ती रेखणाऱ्या यंत्राची. त्या काळच्या प्लॉटरला काळी शाई आणि कोरा कागद यांच्या मधली छटा माहीत नव्हती. त्यावर त्यांनी सुंदर तोड काढली. कागदाचे लहान लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात एक फट ठेवायची. फटीच्या आकारावरून किती प्रकाश जाणार ते ठरेल. फट चौकोनाच्या मध्यापासून किती सरकवली यावरून त्या प्रकाशाची कला ठरेल. मोठ्या कागदावर काढलेली ही नक्षी छायाचित्रणाने कित्येक पट लहान केली की होलोग्राम तयार. या होलोग्रामचे पहिले प्रयोजनही त्रिमितीय देखावा हे नव्हते. विशिष्ट आकृत्या ओळखणाऱ्या प्रकाशीय गाळण्या तयार करणे हे होते. १९६९ मध्ये आयबीएमच्याच लेसेम, हर्श आणि जॉर्डन यांनी ‘किनोफॉर्म’ नावाचा प्रकार पुढे आणला. त्यात प्रकाश अडवायचाच नाही, केवळ त्याच्या कलेत फेरफार करायचे, अशी काटकसर होती.

दुसरे दार वाचनाचे. १९६७ साली, सॅन होजेपासून फार दूर नसलेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जोसेफ गुडमन आणि आर. डब्ल्यू. लॉरेन्स यांनी नेमका उलट प्रयोग केला. त्यांच्यापुढे वस्तू होती, प्रकाश होता, संदर्भ-तरंग होता. फक्त होलोग्राम फिल्मवर न उतरवता त्यांनी तो दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यात वापरल्या जाणाऱ्या व्हिडिकॉन नळीवर पाडला. ती नक्षी आडवे २५६ आणि उभे २५६ अशा ठिपक्यांत मोजली, प्रत्येक ठिपक्याला उजेडाच्या आठ पायऱ्यांपैकी एक दिली, आणि हे आकडे पीडीपी-६ या संगणकाला दिले. होलोग्रामवर पुन्हा प्रकाश सोडण्याचे काम कोणी केलेच नाही. प्रकाश सोडला असता तर काय घडले असते, हे संगणकाने हिशेब करून सांगितले आणि प्रतिमा उमटवली.

या दोन्ही प्रयोगांना एकच गणित उपयोगी पडले. १९६५ साली जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी प्रसिद्ध केलेली फूरिये रूपांतराची जलद रीत नसती, तर दोन्ही उद्योग त्या काळच्या यंत्रांना झेपले नसते. काळ एक, प्रदेश एक, गणित एक. बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन जुळी भावंडे वाटावीत यात नवल नाही. पण दोन टप्प्यांचा दंडक लावून पाहिले तर ती परस्परांच्या पाठीला पाठ लावून उभी आहेत. ब्राउन-लोमान यांनी लेखनातून प्रकाश काढून टाकला आणि वाचन प्रकाशाकडे ठेवले. गुडमन-लॉरेन्स यांनी वाचनातून प्रकाश काढून टाकला आणि लेखन प्रकाशाकडे ठेवले. एकात वस्तू ठाऊक आहे आणि होलोग्राम शोधायचा आहे. दुसऱ्यात होलोग्राम हाती आहे आणि वस्तू शोधायची आहे.

नावांचा घोटाळा पुढच्या दशकात झाला. सोव्हिएत संघात लिओनिद यारोस्लाव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दोन्ही दिशांनी काम केले, आणि संगणकाने होलोग्राम घडवणे व संगणकाने होलोग्राम उलगडणे या दोहोंना त्यांनी ‘अंकीय होलोग्राफी’ या एकाच छत्राखाली घेतले. गणिताच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नव्हते. दोन्ही प्रक्रिया एकाच सूत्राच्या दोन बाजू आहेत. परंतु गणिताला जे एक दिसते ते ज्ञानाच्या दृष्टीने एक असतेच असे नाही.

दोन्ही शाखांची वाढ कशी झाली हे पाहिले, तरी त्यांचे स्वभाव वेगळे असल्याचे ध्यानात येते. अंकीय वाचनाची शाखा पंचवीसएक वर्षे जवळपास खोळंबून होती. कारण साधे आहे. लाल लेसरचे दोन तरंग तीस अंशांच्या कोनात मिसळले, तर लगतच्या दोन पट्ट्यांतले अंतर सुमारे १.२ मायक्रोमीटर येते. होलोग्राफीच्या फिल्मला इतके बारीक लेखन सहज पेलते. विद्युत संवेदकाचे ठिपके मात्र त्याहून कितीतरी जाड असतात. ठिपका ७ मायक्रोमीटरचा धरला, तर कोन अडीच अंशांच्या फारसा पुढे नेता येत नाही. म्हणजे दहा सेंटीमीटर रुंदीची वस्तू दोन मीटरांहून लांब ठेवावी लागते. लेखणी जाड असेल तर अक्षर मोठे काढावे लागते, तसाच हा प्रकार. सीसीडी संवेदकाचा शोध १९६९ साली बेल प्रयोगशाळेत लागला; तो पुरेसा सुधारल्यावर १९९४ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन येथील उल्फ श्नार्स आणि वेर्नर युप्टनर यांनी होलोग्राम थेट संवेदकावर घेऊन संगणकात उलगडण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर या शाखेने वेग घेतला आणि ‘अंकीय होलोग्राफी’ हे नाव मुख्यतः तिच्याकडे आले. १९९७ मध्ये जपानमध्ये यामागुची आणि झांग यांनी संदर्भ-तरंगाची कला पायरीपायरीने सरकवून जुळ्या प्रतिमेचा उपद्रव मिटवला. १९९९ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे क्यूश, मार्के आणि डेपेरसिंज यांनी ही रीत सूक्ष्मदर्शकाला जोडली. जिवंत पेशीला रंग न लावता, ती प्रकाशाला किती रेंगाळवते यावरून तिच्या जाडीचा अंदाज घेणे आता शक्य झाले. सूक्ष्मदर्शक सुधारावा म्हणून निघालेली गॅबर यांची विद्या अशी पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी येऊन पोहोचली.

संगणकाने लिहिण्याच्या शाखेची अडचण याच्या उलट. तिला लिहायचे आहे आणि लिहायला जागा अफाट लागते. दहा सेंटीमीटर लांबी-रुंदीचा होलोग्राम अर्ध्या मायक्रोमीटरच्या ठिपक्यांनी भरायचा, तर ४,००० कोटी ठिपके लागतात. ‘फोर-के’ म्हणवणाऱ्या पडद्यावर ते ८३ लाखांच्या आसपास असतात. म्हणजे हे काम सुमारे पाच हजार पडद्यांचे. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत स्टीफन बेंटन यांच्या गटाने हलता होलोग्राम दाखवला, तेव्हा आकड्यांचा हा पूर थोपवण्यासाठी त्यांनी उभ्या दिशेचे खोलीदर्शन सोडून दिले. आपले दोन डोळे आडव्या रेषेत असतात, त्यामुळे ही उणीव माणूस सहज चालवून घेतो.

फरक केवळ तंत्राचा असता, तर तो तंत्रज्ञांवर सोडून देता आला असता. परंतु इथे पुराव्याचा प्रश्न आहे. संवेदकावर नोंदलेला होलोग्राम ही साक्ष आहे. अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक वस्तूला स्पर्शून आलेला प्रकाश या ठिपक्यांवर पडला होता, असे तो सांगतो. संगणकाने रचलेला होलोग्राम असे काहीही सांगत नाही. तो म्हणतो, ‘अशी वस्तू असती, तर तिच्याकडून असा प्रकाश आला असता.’ मराठी इतिहासलेखनाच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना बखर आणि अस्सल पत्र यांच्यामध्ये जी रेघ ओढली, ती याच प्रश्नावर : लिहिणारा घटनेच्या संपर्कात होता काय?

मात्र यावरून रचलेला होलोग्राम खोटा आणि नोंदलेला खरा असा निवाडा कोणी काढील, तर तो फसेल. १९७१ साली मॅकगव्हर्न आणि वायंट यांनी संगणकनिर्मित होलोग्रामचा एक वेगळाच उपयोग दाखवला. दुर्बिणीचे आरसे, भिंगे यांचे पृष्ठभाग साध्या गोलापासून थोडे ढळलेले असतात आणि ते बरोबर घासले गेले की नाही हे तपासणे कठीण असते. निर्दोष पृष्ठभागाकडून जो तरंग आला असता, त्याचा होलोग्राम संगणकाकडून रेखून घ्यायचा आणि प्रत्यक्ष पृष्ठभागाकडून येणारा तरंग त्याच्याशी ताडून पाहायचा. निर्दोष आरसा जगात कुठेही नाही. पण त्याचा होलोग्राम आहे, आणि खऱ्या आरशाचा न्याय त्या अस्तित्वात नसलेल्या आरशापुढे होतो. कल्पित वस्तू इथे वास्तवाची कसोटी होते.

कसोटीच चुकली तर काय होते, याचे उदाहरण १९९० साली जगाने पाहिले. हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा मुख्य आरसा ज्या साधनाने तपासला होता, ते होलोग्राम नव्हते, आरसे व भिंग यांची जुळणी होती. तिच्यातले एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. आरसा त्या चुकीच्या कसोटीला तंतोतंत उतरला आणि म्हणूनच कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटरने चुकला. याहून लक्षणीय गोष्ट अशी, की तपासणीच्या इतर साधनांनी दोष दाखवला होता. परंतु ती साधने कमी अचूक मानली गेल्यामुळे त्यांची साक्ष बाजूला ठेवण्यात आली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ही चूक सुधारली. त्याच वर्षी अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या जेम्स बर्ज यांनी अशा तपासणी-साधनांचीच तपासणी करण्याची रीत मांडली, आणि तिच्यासाठी त्यांनी वापरला तो संगणकनिर्मित होलोग्राम. तो निर्दोष आरशाचे सोंग घेऊन साधनासमोर उभा राहतो. साधन खरे असेल तर त्याला हा आरसा निर्दोष दिसला पाहिजे. एका रचनेची परीक्षा दुसऱ्या रचनेने, आणि तीही वेगळ्या हाताने, वेगळ्या मार्गाने.

तात्पर्य, साक्ष आणि कसोटी या दोहोंची ज्ञानाला गरज असते. अनर्थ होतो तो एकीला दुसरीच्या जागी बसवल्यावर. आणि आज तशी अदलाबदल पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. २०१८ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आयदोअन ओझ्जान यांच्या गटाने नोंदलेल्या होलोग्राममधून प्रतिमा काढण्याचे काम शिकवलेल्या न्यूरल जाळ्याकडे सोपवले. जुळ्या प्रतिमेचा अडथळा ते जाळे पूर्वी पाहिलेल्या उदाहरणांच्या बळावर दूर करते. २०२१ मध्ये एमआयटीच्या एका गटाने तशाच प्रकारच्या जाळ्याकडून होलोग्राम जवळजवळ तत्क्षणी रचून घेतले. पहिले काम वाचनाचे, दुसरे लेखनाचे. यंत्र मात्र एकाच जातीचे. वाचणारे यंत्र पूर्वी पाहिलेल्या नमुन्यांवरून जेव्हा एखादी रेषा पुरी करते, तेव्हा ती रेषा समोरच्या पेशीकडून आली की शिकवलेल्या पेशींकडून, हा प्रश्न अटळ होतो. समोर रुग्णाची पेशी असेल, तर तो केवळ तात्त्विक राहत नाही. साक्षीदार आता साक्ष देता देता मधल्या गाळलेल्या जागाही भरू लागला आहे.

म्हणून आम्हाला वाटते, की निदान मराठीत तरी या दोन गोष्टींना सरमिसळ होणार नाही अशी नावे असावीत. ‘अंकीय’ आणि ‘संगणकनिर्मित’ या विशेषणांतून साधन कळते, दिशा कळत नाही. प्रकाशाने लिहिलेला आणि अंकांनी वाचलेला तो ‘अंकवाचित होलोग्राम’. अंकांनी लिहिलेला आणि प्रकाशाने वाचायचा तो ‘अंकलिखित होलोग्राम’. शब्द रुळतील की नाही, हे वापरणारे ठरवतील. पण कोणी होलोग्राम समोर ठेवला, तर याच्या लेखनाच्या वेळी प्रकाश हजर होता काय, हा प्रश्न वाचकाने विचारायला हवा. गॅबर यांनी आपल्या शोधाला ‘समग्र लेख’ म्हटले. लेख म्हटला की तो कोणी लिहिला हे विचारण्याचा अधिकार वाचकाकडे आपोआप येतो.